आधी भिंत की आधी झेल?

निवड करणे ही माणसाची जुनी हौस आहे. आणि दुसऱ्याच्या वतीने निवड करणे ही तर त्याहूनही जुनी! शेजारच्या मुलीला कोणते स्थळ पाहावे, पलीकडच्या आळीतल्या मुलाने डॉक्टर व्हावे की वकील, देवळाच्या वर्गणीतून आधी कळस चढवावा की आधी पायऱ्या बांधाव्यात, अशा प्रश्नांवर आपण जितक्या पोटतिडकीने बोलतो, तितके स्वतःच्या सदऱ्याचे कापड निवडतानाही बोलत नाही. कारण उघड आहे. निर्णय आपला, आणि ओझे दुसऱ्याचे!

ही हौस केवळ आपल्या मातीतली आहे असे मात्र कुणी समजू नये. एप्रिल उलटू लागला की अमेरिकेतल्या गावोगावच्या लोकांना ती तापासारखी चढते. मी अमेरिका पाहिलेली नाही. पण माझी थोरली बहीण ओहायो राज्यातल्या सिन्सिनाटी शहरात संसार करते आहे, आणि दर रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर तिचे सारे घर माझ्या ओसरीवर येऊन बसते. दाजी आणि भाचा यांच्यात जो वाद मी ऐकला, त्याने माझी चांगली करमणूक केली. आणि नंतर मला बराच विचारही करायला लावला.

वाद होता त्यांच्या गावच्या फुटबॉल संघात कुणाला घ्यावे याचा. हा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. यात लांबट चेंडू हातात धरून पळायचे किंवा पुढे फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन जिंकायची. सिन्सिनाटीच्या संघाचे नाव बेंगल्स, म्हणजे आपल्याच बंगालचे वाघ! मात्र हे वाघ कित्येक वर्षे शेळीसारखे हरत होते, हे दाजी मोठ्या दुःखाने सांगत.

तिथे व्यावसायिक संघांत नवे खेळाडू घेण्याची एक मजेदार रीत आहे. तिला ड्राफ्ट म्हणतात. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी ती सुचवली आणि १९३६ साली ती प्रथम अमलात आली. आदल्या वर्षी जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याने कॉलेजांतून येणाऱ्या खेळाडूंतून पहिली निवड करायची. विजेत्याने सर्वांत शेवटी. आमच्या वर्गात नापास मुलाला पहिल्या बाकावर बसवतात, तसाच हा न्याय! आज ३२ संघ सात फेऱ्यांत मिळून सुमारे अडीचशे तरुण निवडतात. गंमत अशी की १९३६ साली ज्याची सर्वांत पहिली निवड झाली, तो जे बर्वांगर पुढे एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. उलट २००० साली १९९ व्या क्रमांकावर, म्हणजे अगदी उष्टावळीत, ज्याला उचलले, त्या टॉम ब्रेडीने पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळवले. इतके असूनही वाद थांबत नाहीत. तसे पाहिले तर पत्रिका चुकल्या म्हणून पत्रिका जुळवणे आपण तरी कुठे थांबवले आहे?

आता २०२१ सालची गोष्ट. वाघांनी आदल्या मोसमात अवघे चार सामने जिंकले होते, म्हणून पाचवी निवड त्यांच्या वाट्याला आली होती. त्याआधीच्या वर्षी, अगदी पहिल्या निवडीत, त्यांनी जो बरो हा तरुण घेतला होता. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. संघाचा मेंदूच म्हणा ना! चेंडू हातात आल्यावर त्याला दोन-अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याला लोळवायला धावून येतात, आणि त्यांना अडवायला त्याच्यापुढे पाच जणांची भिंत उभी असते. या भिंतीच्या दोन्ही टोकांना जे असतात, ते टॅकल. २०२० च्या नोव्हेंबरात ही भिंत ढासळली आणि बरोचा गुडघा निकामी होऊन त्याचा पहिलाच मोसम अर्ध्यावर संपला.

अशा वेळी काय करावे? निवडीला दोन मोठे खेळाडू समोर होते. एक पेनी सूएल. बालपण अमेरिकन सामोआत गेलेला, दीडशे किलोच्या घरातला टॅकल. दुसरा जमार चेस. वाऱ्यासारखा धावून चेंडू झेलणारा, आणि बरोचा लुइझियानातल्या विद्यापीठातला जुना जोडीदार. त्या दोघांच्या संघाने कॉलेजांतले अजिंक्यपद पटकावले होते.

दाजी इंजिनिअर. त्यांचे म्हणणे, आधी भिंत. "अहो मास्तर, फेकणाराच आडवा पडला, तर तुमचा झेलणारा काय हवा झेलणार?" १९८५ साली वॉशिंग्टनच्या जो थाइझमनचा पाय भर सामन्यात मोडला आणि त्याचा खेळच संपला, तेव्हापासून टॅकलची किंमत लोकांना कळू लागली, असा दाखलाही त्यांनी दिला. भाचा तेव्हा कॉलेजात होता. तो म्हणे, "मामा, भिंतीला लागणारी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतही मिळतात. असा झेलणारा मिळत नाही. आणि हा पटकन मोकळा झाला, की भिंतीला कमी वेळ उभं राहावं लागतं."

मी बहिणीला विचारले, "ताई, तुझे मत काय?" ती भाजी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या पडणाऱ्या पोराच्या आईला कुणी विचारलंय का?"

तिकडे २९ एप्रिलची रात्र आणि आमच्याकडे ३० तारखेची पहाट. इथे दुसऱ्या लाटेने गाव चिडीचूप केले होते. शाळा बंद होती. अशा पहाटे सात समुद्रांपलीकडचा एक कोवळा मुलगा कुणाच्या वाट्याला जातो, याची मी चहा घेत वाट पाहत होतो! वाघांनी चेसला घेतले. भाचा उड्या मारू लागला. सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला.

पुढे काय झाले? चेसने पहिल्याच वर्षी १४५५ यार्डांची कमाई केली आणि तो त्या मोसमातला उत्कृष्ट नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. ३१ वर्षांनी वाघांनी बाद फेरीतला सामना जिंकला आणि ते थेट अंतिम सामन्याला जाऊन पोहोचले. म्हणजे भाचा जिंकला? थांबा. त्याच मोसमात बरोला प्रतिस्पर्ध्यांनी एकंदर ७० वेळा जमिनीवर आपटले. एका सामन्यात नऊ वेळा, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत झालेल्या अंतिम सामन्यात सात वेळा. तो सामना २३ विरुद्ध २० असा हातचा गेला; आणि शेवटच्या फेकीच्या क्षणीही समोरचा मल्ल बरोच्या अंगाला भिडलेलाच होता. म्हणजे दाजी जिंकले? तसेही नाही. २०२४ साली चेसने झेल, यार्ड आणि गोल या तिन्हींत साऱ्या लीगमध्ये पहिला नंबर मिळवला. तिकडे सूएलला २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत मान मिळाला, आणि डेट्रॉइटचा रडका संघ हसू लागला. बरो मात्र २०२३ साली मनगटाने आणि २०२५ साली पायाच्या अंगठ्याने पुन्हा जायबंदी झाला.

मग बरोबर कोण? बाप की लेक? मी पुष्कळ विचार केला, आणि मला एक गोष्ट जाणवली. उणीव भरून काढावी की गुण वेचावा, हा खरा वाद आहे. उणीव कष्टाने, तडजोडीने कशीबशी भरता येते. गुण हातचा गेला की पुन्हा दारात येत नाही. म्हणून भाच्याचे खरे. पण गुण फुकट मिळत नाही. त्याचे बिल येतेच, आणि निवड करणाऱ्याच्या नावावर ते क्वचितच येते. कुणाच्या तरी गुडघ्यावर, कुणाच्या तरी पाठीवर ते फाडले जाते. म्हणून दाजींचेही खरे. आणि हे बिल कुणाकडे जाणार, असे विचारणारी एकच व्यक्ती त्या घरात होती. ती भाजी निवडीत होती.

हे मला इतके नेमके का जाणवले, तेही सांगतो. कादंबऱ्या लिहीत असलो तरी मी पेशाने चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, वर चित्रकलेची पदविका घेतली. एवढीच माझी विद्या. २००४ साली मी अर्ज केला, तेव्हा त्या संस्थेला एकच माणूस नेमता येत होता, आणि शाळेला गणिताचा शिक्षक हवा होता. बैठकीत दोन तट पडले. "भिंत गळते आहे आणि तुम्हाला तिच्यावर चित्रे हवीत!" असे एक सभासद म्हणाल्याचे मला मागाहून कळले. पण हेडमास्तरांनी माझी चित्रे पाहिली होती. त्यांनी हट्ट धरला आणि मी नेमला गेलो.

पुढची तीन वर्षे आठवी ते दहावीचे गणित विज्ञानाच्या बाईंनी शिकवले. स्वतःचे तास सांभाळून, जादा पगाराची एक पै न घेता. बैठकीत त्या नव्हत्या. त्यांना कुणी विचारलेही नव्हते. माझ्या मुलांची चित्रे जिल्ह्यात पहिली आली, शाळेचे नाव वर्तमानपत्रात छापून आले, हार-तुरे झाले. आणि त्या वेळी बाई शेजारच्या वर्गात फळ्यावर बीजगणित सोडवीत असत. माझा तास संपला की मी हात धुऊन घरी जाई. त्यांच्या बोटांवरचा खडू मात्र दिवे लागेपर्यंत उतरत नसे.

२०२३ साली बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणांत त्या तीन वर्षांचा उल्लेख कुणीच केला नाही, म्हणून मी उठून तो केला. बाईंना ऐकताना अवघडल्यासारखे झाले. समारंभ संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अहो सर, तुम्ही आलात तेव्हापासून पोरांच्या आकृत्या सरळ यायला लागल्या. भूमितीचा माझा निम्मा वेळ वाचला. तेवढं तुम्ही सांगायचं राहिलंच की!"

झेलणारा चांगला असला की भिंतीला कमी वेळ उभे राहावे लागते, हे भाच्याचे म्हणणे मला तेव्हा आठवले. फक्त ते म्हणण्याचा अधिकार भिंतीचा आहे, एवढेच.