माळ आणि खिळे

दिसायला सारखे ते सारे एकच, असे आपण किती सहज धरून चालतो! हास्केल या संगणकाच्या भाषेला मात्र हे मुळीच मान्य नाही. हास्केल करी या तर्कशास्त्रज्ञाच्या नावाने १९९० साली अवतरलेली ही भाषा मोठी काटेकोर. ‘हवा होता टेक्स्ट, मिळाली स्ट्रिंग’ अशा अर्थाची तक्रार करून ती काम थांबवते. पडद्यावर तर दोन्हींत तेच शब्द दिसतात! मग हा हट्ट कशासाठी?

कलाशाखेच्या मंडळींनी घाबरू नये. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. प्रत्येक मणी पुढच्याचा पत्ता धरून बसलेला. शेवटचा गाठायचा तर पहिल्यापासून चालत जायचे. टेक्स्ट म्हणजे छापखान्यात खिळे जुळवून चौकटीत घट्ट आवळलेला मजकूर. देवनागरीतले एक चिन्ह टेक्स्टच्या २०२१ सालच्या आवृत्तीपासून ३ बाइटांत मावते. माळेत त्यालाच सुमारे ४० बाइट लागू शकतात. माळेचे खिळे करायला ‘पॅक’ आणि खिळ्यांची माळ करायला ‘अनपॅक’ आहे. पण ही भाषा ते काम गुपचूप उरकत नाही. बदल करायचा तर सांगून करा, एवढेच तिचे म्हणणे.

हे मला पटले ते आजीमुळे. तिच्या जात्यावरच्या ओव्या मी शब्दसूचीसाठी संगणकात उतरवते आहे. मधलीच ओवी विचारली तर तिला आठवत नाही. पहिलीपासून म्हणू लागली की एक ओवी दुसरीला ओढून आणते. ही माळच की! स्ट्रिंगमध्येही पुढचे अक्षर मागितल्यावर तयार झाले तरी चालते. माळ न संपणारीसुद्धा असू शकते. टेक्स्टला मात्र सारा मजकूर पुरा हवा. न संपणारी माळ पॅक करू गेले, तर ते काम कधी तडीस जायचेच नाही.

आजी आता ८५ वर्षांची आहे. दर खेपेला ती एखादी ओवी गाळते, एखादी नवी जोडते. “झालं का गं लिहून?” असे विचारते. मी उतरवले तेवढेच म्हणजे तिच्या ओव्या, असे कोणी म्हणाले की मला त्या काटेकोर भाषेची आठवण होते. उतरवलेले जपायलाच हवे. पण त्याचा प्रकार निराळा, हे ध्यानात ठेवून. म्हणून प्रत्येक पानाखाली मी तारीख घालते आणि लिहिते : आजीने म्हटल्याप्रमाणे, आजपुरते.