उत्तर देणारीला उठून जाता येत नाही

लंडनमधल्या कुठल्याही मध्यम हॉटेलात सकाळी साडेआठला नाश्त्याच्या हॉलमध्ये नजर टाका. एका हातात कॉफीचा जग आणि दुसऱ्या हातात उष्ट्या प्लेटा घेऊन एखादी मुलगी टेबलापाशी अडकलेली दिसेल, कारण पाहुण्याने तिच्या बॅजवरचं नाव वाचून विचारलेलं असतं, ‘तू कुठली?’ ती सांगते, ‘इथेच राहते, हाउन्स्लोला.’ तेवढ्याने भागत नाही. ‘नाही, मूळची कुठली?’ मग भारतात कुठे, इथे कशी आलीस, शिकतेस का, लग्न झालंय का, परत कधी जाणार. मागची दोन टेबलं ताटकळलेली असतात, हातातल्या प्लेटा जड होत असतात आणि चेहऱ्यावरचं हसू जागचं हलू द्यायचं नसतं. पाहुण्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतं, हे मला मान्य आहे. तरीही या चौकशा करू नयेत असं माझं ठाम मत आहे. हेच प्रश्न बागेतल्या बाकावर कुणी विचारले तर ऐकणारा ‘येतो’ म्हणून उठू शकतो. नाश्त्याच्या हॉलमध्ये फक्त पाहुणाच उठू शकतो.

हॉटेलवाले पाहुण्यांना कमी प्रश्न विचारतात का, असं कुणी म्हणेल. विचारतात, पण कशासाठी ते पाहा. इथल्या १९७२च्या एका आदेशानुसार १६ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक पाहुण्याचं पूर्ण नाव आणि राष्ट्रीयत्व हॉटेलला नोंदवावं लागतं, काही परदेशी पाहुण्यांकडून पासपोर्टचा नंबर आणि पुढचा मुक्कामही घ्यावा लागतो, आणि ही नोंद निदान १२ महिने जपावी लागते. रिसेप्शनवरच्या माणसाला याहून कितीतरी जास्त कळत असतं: कोण कुणासोबत आलं, रात्री किती वाजता परतलं, कुणाचं कार्ड चाललं नाही. यातलं अवाक्षर तो बाहेर काढत नाही. काढलं तर नोकरी जाईल, आणि ते योग्यच आहे. कामापुरतं विचारायचं आणि कळलेलं पोटात ठेवायचं, हा या धंद्याचा पहिला धडा. तो फक्त काउंटरच्या एकाच बाजूला लागू असावा, याचं कारण मला सापडत नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की सांगायचं नसेल तर सांगू नये, जबरदस्ती थोडीच आहे? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला. या कामात हसू हा स्वभावाचा भाग राहत नाही, तो कामाचा भाग होतो आणि मालक त्याचे पैसे मोजतो, हे त्यांनी दाखवून दिलं. नाश्ता वाढणाऱ्या मुलीने ‘हे मी सांगणार नाही’ म्हटलं तर तिच्या कामातच उणीव राहिली असं धरलं जातं. लंडनच्या रेस्टॉरंटांत बिलावर साधारण साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावतात आणि तो नको असेल तर पाहुणा काढायला सांगू शकतो. १ ऑक्टोबर २०२४पासून टिपेची सगळी रक्कम कामगारांनाच द्यायची असा कायदा आहे. कायदा चांगलाच आहे, पण त्यामुळे पाहुण्याच्या मर्जीचा थेट संबंध घरभाड्याशी जोडलेला राहतो. शिवाय संध्याकाळी रिव्ह्यूत बॅजवरचं नाव घालून ‘तुसडी होती’ असं कुणीही लिहू शकतं. त्यामुळे मुलं-मुली ठरलेली उत्तरं पाठ करून ठेवतात, काही जणी लग्न झालेलं नसताना अंगठी घालतात. खोटं बोलल्याशिवाय ज्यातून सुटका नाही, त्याला गप्पा म्हणू नये.

प्रश्न साधे वाटतात ते विचारणाऱ्याला. हॉटेलांत काम करणारी आपली कितीतरी मुलं विद्यार्थी व्हिसावर आहेत. पदवीचं शिक्षण चालू असताना त्यांना सत्रात आठवड्याला २० तासच काम करता येतं. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मिळतात, आणि १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या बहुतेकांना १८ महिनेच मिळणार आहेत. त्यापुढे टिकायचं तर पदवीच्या पातळीचं काम हवं आणि पगार, जुलै २०२५पासून, सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड हवा. एप्रिल २०२५पासूनच्या वर्षात किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं, आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाचे जेमतेम २५,४०० होत होते. म्हणजे ‘परत कधी जाणार?’ हा प्रश्न त्या मुलीला रोज रात्री झोपू देत नाही, आणि तोच तिला टोस्टसोबत विचारला जातो.

यात आपली माणसं मागे नाहीत, उलट एक पाऊल पुढे आहेत. बॅजवर मराठी नाव दिसलं की आनंद होतो, तो खराच असतो. पण मग गाव कोणतं, आडनाव काय, पगार किती, घरी माहीत आहे का हे काम करतोस ते, अशी सरबत्ती सुरू होते. ही आपुलकी आहे, आपल्याकडे असंच विचारतात, असं सांगितलं जातं. एसटीत शेजारचा माणूस विचारतो तेव्हा ती आपुलकी असते, कारण दोघांनी सारखंच तिकीट काढलेलं असतं आणि आपणही त्याला तेवढंच विचारू शकतो. इथे वाढणाऱ्याने उलट ‘तुमचा पगार किती?’ म्हटलं तर मॅनेजरला बोलावलं जाईल. आणि आडनाव कशासाठी विचारतात हे आपल्याला सांगायला नको. साता समुद्रापार येऊनही समोरच्याची जात काढून घेतल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांच्या या कुतूहलाला आपुलकी म्हणायला मी तयार नाही.

नोव्हेंबर २०२२मध्ये बकिंगहॅम राजवाड्यातल्या एका समारंभात, ब्रिटनमध्येच जन्मलेल्या, एका सेवाभावी संस्थेच्या प्रमुख एनगोझी फुलानी यांना राजघराण्याच्या सेवेतल्या लेडी सुझन हसी यांनी ‘मूळच्या कुठल्या’ हे पुन्हापुन्हा विचारलं. दुसऱ्याच दिवशी हसी यांनी पद सोडलं आणि पुढे समक्ष माफीही मागितली. त्या प्रसंगी पाहुणीला विचारलं गेलं होतं. तोच प्रश्न पाहुणा वाढणाऱ्याला रोज विचारतो तेव्हा त्याची बातमी होत नाही, तक्रारही होत नाही. कायदा इथे थोडाच उपयोगी पडतो. गिऱ्हाइकांकडून होणाऱ्या छळाबद्दल मालकाला जबाबदार धरणारं कलम २०१०च्या समानता कायद्यात होतं, ते २०१३ साली काढून टाकलं. ऑक्टोबर २०२४पासून लैंगिक छळ टाळण्यासाठी पावलं उचलणं मालकांवर बंधनकारक झालं. पुढे २०२५मध्ये संसदेत गिऱ्हाइकांकडून होणाऱ्या सगळ्याच छळाचा विषय आला, तेव्हा पबमधल्या थट्टामस्करीवर पहारा बसेल अशी ओरड झाली. मला ती भीती अवाजवी वाटते, कारण कायदा छळाबद्दल बोलतो आणि नुसता भोचकपणा त्यात बसत नाही. तो बसवूही नये. पण मग त्याची जबाबदारी पाहुण्यावर आणि मॅनेजरवर येते.

पाहुण्याने मुकं राहावं असं मी म्हणत नाही. जवळपास चांगलं जेवण कुठे मिळेल, पाऊस थांबेल का, आज गर्दी फार आहे का, असं काहीही विचारावं. सांगणाऱ्याला वाटलं तर तो त्यातूनच आपल्या गावापर्यंत पोचेल, आणि अनेक जण पोचतातही. मॅनेजरच्या हातात याहून जास्त आहे. बॅजवर कामापुरतं कुठलंही नाव चालावं, खऱ्याची सक्ती नको. एखादा पाहुणा खोदून विचारत असेल तर कारण न विचारता टेबल बदलून द्यावं. ‘ते राहू द्या, तुम्हाला आणखी कॉफी देऊ?’ एवढं म्हणायची मुभा पहिल्याच दिवशीच्या ट्रेनिंगमध्ये तोंडी नव्हे, लेखी द्यावी. आणि ‘स्वतःबद्दल काही सांगायला तयार नव्हती’ असा रिव्ह्यू आला, तर तो तिच्या वार्षिक मूल्यमापनात धरू नये.