चालू घडामोडी आणि चाळीतला कांदा

आमच्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये सकाळी सातला पेपर येतो आणि साडेसातपर्यंत त्याचे चार तुकडे झालेले असतात. क्रीडा पान पहिल्या मजल्यावर, सिनेमाची पुरवणी दुसऱ्या मजल्यावर, शब्दकोडं कुणीतरी फाडून नेलेलं. उरतं ते अग्रलेखाचं पान. ते मात्र कोणी पळवत नाही! त्याचे गिऱ्हाईक आम्ही तिघं-चौघं, म्हणजे मेसच्या भाषेत ‘कलेक्टर’. ‘कलेक्टरसाहेब, भात वाढू का?’ हे दिवसातून एकदा तरी ऐकावं लागतं. आता सवय झालीय.

इंजिनिअरिंगला येऊन यूपीएससीचा अभ्यास कशाला, हा प्रश्न ओरलच्या टेबलावर सरांनीही विचारून झालाय. त्याचं उत्तर लांबलचक आहे, ते पुन्हा कधीतरी. आज सांगायचंय ते चालू घडामोडींबद्दल. मी अजून परीक्षा दिलेली नाही, तेव्हा हा काही यशाचा मंत्र नाही. उलट माझी एक चूक आहे. ती ज्युनिअर मित्रांच्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण. अभ्यासक्रमाची पहिलीच ओळ चालू घडामोडींची. दुसऱ्या वर्षाला असताना एका सिनियरने बजावलं होतं, “इतिहास-भूगोल एकदा नीट वाचला की पुरतो. चालू घडामोडी म्हणजे भाजी, रोज ताजी आणावी लागते.” झालं! मी दोनशे पानी वही आणली. एका ओळीत एक घडामोड. कोण, कुठे, कधी. रात्री लाईट घालवून रूम पार्टनर परीक्षा घ्यायचा.

“चांद्रयान-३?”
“२३ ऑगस्ट २०२३!”
“महिला आरक्षण?”
“१०६ वी घटनादुरुस्ती!”

एवढं धडाधड सांगता आलं की वाटायचं, मसुरीचं तिकीट काढायला हरकत नाही.

त्याच वहीत डिसेंबरमध्ये एक ओळ लिहिली : ‘८ डिसेंबर २०२३ – कांदा निर्यातबंदी. मुदत ३१ मार्च २०२४.’ त्याखाली लगेच ११ डिसेंबरचा कलम ३७० चा निकाल. दोन्ही ओळी सारख्याच अक्षरात, सारख्याच शांतपणे.

आता गंमत बघा. मी निफाड तालुक्यातला. लासलगावची बाजार समिती आमच्या शेतापासून ट्रॅक्टरने अर्ध्या तासावर. माझी फी, मेसचं बिल, ती दोनशे पानी वहीसुद्धा कांद्यावर आलेली. आणि मी ती बातमी अशी उतरवली, जणू ती दुसऱ्याच देशातली आहे!

बंदी आली तेव्हा खरिपाचा लाल कांदा नुकता बाजारात येत होता. लाल कांद्याचं पाणी जास्त, तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले. लिलाव सुरू झाले तेव्हा भाव घसरलेला, आणि काही आठवड्यांत तो निम्म्यावर आला. नानांनी, म्हणजे वडिलांनी, मिळेल त्या भावात माल दिला. मला फोनवर एवढंच म्हणाले, “तू तुझी परीक्षा दे.”

मार्चच्या सुरुवातीला पुन्हा फोन आला. रांगड्या कांद्याची शेवटची काढणी झाली होती, तीसेक क्विंटल माल होता.

“तू रोज पेपर वाचतो ना रे? मग सांग, बंदी उठंल का मार्चअखेर?”
“उठणारच नाना. ३१ मार्चपर्यंतच आहे. माझ्या वहीत लिहिलंय.”
“नक्की?”
“नक्की!”

नानांना कांद्यातलं माझ्यापेक्षा शंभरपट कळतं. रांगडा फार दिवस थांबत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. तरी त्यांनी माल चाळीत टाकला, कारण मुलगा शिकलेला आहे, रोज पेपर वाचतो. २२ मार्चला केंद्राचा आदेश निघाला : बंदी पुढील आदेशापर्यंत कायम. मी तो वाचला तेव्हा सेशनल चालू होती. त्या दिवशी घरी फोन करायचं धाडस झालं नाही. एप्रिलमध्ये गेलो तेव्हा चाळीतून वास येत होता. आई कोंब फुटलेला आणि सडका कांदा वेगळा काढत बसली होती. नाना म्हणाले, “जाऊ दे. पेपरात चुकीचं छापलं असंल.”

हे वाक्य मला आजही टोचतं. पेपरात बरोबरच छापलं होतं. वाचणारा चुकला होता. पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. इथे नाना काहीच कापायला तयार नव्हते, म्हणून जास्त लागलं.

हॉस्टेलला परत आल्यावर ती वही बाजूला ठेवली आणि लायब्ररीत बसून एकाच ओळीचा पाठपुरावा केला. बंदी घातली कोणी? विदेश व्यापार महासंचालनालयाने, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली. म्हणजे केंद्राने. मग राज्य काय करतं? सातवी अनुसूची उघडली. शेती राज्य सूचीत, बाजारही राज्य सूचीत, पण आयात-निर्यात संघ सूचीत! पीक घेताना आपण एका सरकारच्या हद्दीत असतो आणि ते समुद्रापार पाठवताना दुसऱ्या. पॉलिटीच्या पुस्तकातलं हे पान मी पाठ केलं होतं. त्याचा आमच्या चाळीशी संबंध आहे, हे तेव्हा कळलं.

बंदी का घातली? तर महागाई. २०१२ आधारवर्षाच्या तेव्हाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचं वजन जवळपास ४६ टक्के होतं. कांदा महागला की शहरातलं घर बोंबलतं. त्या घराचंही खोटं नाही. आमच्या मेसच्या मावशींनी २०२३ च्या ऑक्टोबरात कोशिंबिरीतला कांदा बंद केला होता आणि तक्रार करणाऱ्यांत मी पहिला होतो!

आणि बंदी एकदम आली का? तीही नाही. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, मग डिसेंबरात बंदी. पायरी-पायरीने दार बंद होत गेलं. माझ्या वहीत या तिन्ही ओळी वेगवेगळ्या पानांवर होत्या. सलग वाचल्या असत्या आणि १६ मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाल्याची ओळ शेजारी ठेवली असती, तर ‘नक्की’ हा शब्द निदान उच्चारला नसता. फोन करून ‘आहे तो माल काढून टाका’ म्हणालो असतो. शेवटी बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. आमच्या दिंडोरी मतदारसंघाचं मतदान २० मेला होतं.

तेव्हापासून वहीची पद्धत बदलली. डाव्या पानावर घटना, उजव्या पानावर चार प्रश्न : हे कोणाच्या अधिकारात येतं? याआधी काय झालं? फायदा कोणाचा, तोटा कोणाचा? आणि पुढे काय काय होऊ शकतं? दिवसाला वीस ओळींऐवजी तीनच बातम्या होतात. रूम पार्टनरला आता धडाधड उत्तरं मिळत नाहीत, तो वैतागतो. पण मुख्य परीक्षेच्या उत्तराचा सराव करताना आता पेन थांबत नाही. तारखा पाठ कराव्याच लागतात मित्रांनो, त्याला इलाज नाही. फक्त तारीख पाठ आहे म्हणजे बातमी कळली, असं समजू नका.

१ एप्रिल २०२५ पासून उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं. बातमी आली त्या रात्री नानांचा फोन.

“आता भाव वाढंल का रे?”

“सांगता येत नाही नाना. शुल्क गेलंय हे खरं, पण उन्हाळ कांद्याची आवक आत्ताच सुरू होतेय आणि माल सगळीकडेच भरपूर दिसतोय. लगेच वाढेल असं धरून चालू नका.”

नाना थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मंग थोडा विकतो, थोडा ठेवतो. उन्हाळ आहे, टिकंल.” आणि फोन ठेवताना, “हे बरं सांगितलं.”

मला वाटतं, आतापर्यंतच्या सगळ्या टेस्ट सिरीजमध्ये मिळालेले हे सर्वांत चांगले गुण. असो. मेसची वेळ झाली. कलेक्टरसाहेबांचा भात थंड होतोय!

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी