चोर्ल्याची वाट आणि वाट दाखविणारे यंत्र



बेळगावहून गोव्यास उतरणाऱ्या वाटा अनेक आहेत. रामनगर-अनमोडाची आहे, आंबोलीची आहे. परंतु आमच्या भागातील लोकांच्या पायाखालची वाट म्हणजे जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला यांवरून साखळीस उतरणारी. पणजीपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. पावसाळ्यात या वाटेची शोभा काही निराळीच असते. जांबोटी मागे पडली की शेते विरळ होतात, रान दाटते, आणि धुके असे उतरते की पुढील मोटारीचा तांबडा दिवा तेवढा दिसावा. कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेस जाऊन कृष्णेस मिळते. याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरते आणि गोव्यात मांडवी होऊन सागरास मिळते. डोंगरमाथ्यावर चार हातांच्या अंतराने पडलेले पावसाचे दोन थेंब असे दोन समुद्रांस जातात. एका लहानशा वळणाने केवढा फरक पडतो, हे गेल्या पावसाळ्यात मला याच वाटेवर कळले. ती हकीकत सांगून, मोटारीसाठी वाट दाखविणारे यंत्र घेताना काय पाहावे, याविषयी चार शब्द लिहावे, असा विचार आहे.

जुलै महिन्यातील एका पहाटे आमच्या गावातील एका वृद्ध मावशीच्या घरी फोन आला. तिचे माहेर गोव्यातील दिवाडी बेटावर. तेथे तिचा थोरला भाऊ रात्री वारला होता, आणि दुपारी साडेतीन वाजता दफनविधी होता. घरातील मुले परगावी नोकरीस. तेव्हा मीच जीप काढली. मावशी पुढच्या आसनावर जपमाळ घेऊन बसली. मी मोबाईल समोर ठेवला व त्यास दिवाडीचे नाव सांगितले. त्यातील बाईच्या आवाजाने लगेच मार्गदर्शन सुरू केले.

जांबोटीच्या पुढे काही अंतरावर तो आवाज म्हणाला, "डावीकडे वळा." मी वळलो. मावशी म्हणाली, "फादर, अजून कणकुंबी आली नाही. आपण वळलो कसे?" मी म्हणालो, "मावशी, जवळची वाट दिसते. यंत्राला ठाऊक असते." ती गप्प झाली. धर्मगुरूच्या शब्दापुढे बोलू नये, अशी जुन्या पिढीची रीत. आणि त्या रीतीचा लाभ मी त्या दिवशी चुकीच्या ठिकाणी घेतला.

दोन-तीन किलोमीटरांवर डांबर संपले. तांबडी माती, वर बांबूची बेटे, चाकांखाली निसरडे. मग मोबाईलची रेंज गेली. पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा उरला. त्याभोवतीचा नकाशा पांढरा झाला आणि आवाजही बंद पडला. आणखी पुढे एका ओढ्याने वाट अडविली. सुदैवाने म्हशी घेऊन येणारा एक गृहस्थ भेटला. डोक्यावर घोंगडीची खोळ. तो म्हणाला, "हिकडं कुठं आलासा? हा रस्ता फुडं न्हाई. पावसात हितं बैलगाडीबी जात न्हाई. मागं फिरवा." अरुंद वाटेवर जीप मागे फिरविताना चाक रुतले. त्या भल्या माणसाने पाला व दगड घालून ते काढून दिले. एकूण दीड तास गेला.

साखळी, डिचोली करीत आम्ही नार्व्याच्या धक्क्यावर आलो. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार करविला, ते सप्तकोटेश्वराचे देऊळ याच नार्व्यात. तेथून फेरीबोटीने नदी ओलांडली की दिवाडी. आम्ही पोहोचलो तेव्हा फेरी नुकतीच सुटली होती. पाण्यावर दूर जाणारी तिची पाठ पाहत आम्ही दोघे पावसात उभे राहिलो. बेटावर, पियेदादच्या टेकडीवरील चर्चकडे वळलो, तेव्हा छत्र्या घेतलेली माणसे खाली उतरत होती. मावशीने भावाचे मुख पाहिले नाही. ओल्या मातीवर मूठभर माती ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. परतताना चोर्ल्याच्या चढणीवर तेवढे म्हणाली, "पुढच्या खेपेस त्या बाईला विचारण्याआधी मला विचारा, फादर."

हे शब्द मनास लागून राहिले. दोष केवळ यंत्राचा नव्हता, हे उघड आहे. तरीही यंत्र कसे चालते व कोठे फसते, हे समजून घ्यावे, असे मला वाटले. अशी फसगत एकट्या माझीच झाली असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याकडे निघालेले एक परप्रांतीय कुटुंब मोबाईलच्या नकाशावर विसंबून याच तालुक्यातील भीमगडच्या अरण्यात शिरले व रात्रभर तेथे अडकून पडले. पायी चालून रेंज मिळाली, तेव्हा पोलिसांना कळविता आले.

ज्यास आपण जी.पी.एस. म्हणतो, ती अमेरिकेने उभारलेली उपग्रहांची योजना आहे. पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि संपूर्ण योजना १९९५ मध्ये सिद्ध झाली. सामान्य जनतेस मिळणाऱ्या संदेशात पूर्वी मुद्दाम थोडी चूक मिसळलेली असे. ती २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकण्यात आली, आणि मग मोटारीतील यंत्रांचा प्रसार झाला. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली जागा व वेळ सतत सांगत असतात. तो संदेश पृथ्वीवर येण्यास सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाइतका वेळ लागतो. हा विलंब मोजून यंत्र प्रत्येक उपग्रहाचे अंतर ठरविते, आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून स्वतःचे स्थान काढते. रशिया, युरोप व चीन यांच्याही अशाच योजना आहेत. आपल्या भारताची 'नाविक' ही योजना २०१३ पासून सोडलेल्या उपग्रहांवर उभारली गेली.

यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, उपग्रहांचा संदेश ऐकण्यास मोबाईलची रेंज लागत नाही. म्हणूनच रानात निळा ठिपका जागेवर होता. नकाशा मात्र मोबाईल त्या त्या वेळी रेंजवरून मागवीत होता. रेंज गेली आणि नकाशाही गेला. आपण कोठे आहो हे त्यास ठाऊक होते; तेथून कोठे जावे हे ठाऊक नव्हते.

यावरून निवडीची पहिली कसोटी ठरते: नकाशा यंत्राच्या पोटात साठविलेला असावा. मोटारीसाठी स्वतंत्र मिळणाऱ्या यंत्रांचा मोठा गुण हाच. गार्मिन, मॅपमायइंडिया अशा कंपन्यांनी अशी यंत्रे काढली आहेत. मोबाईलवरही हव्या त्या प्रदेशाचा नकाशा घरून निघण्यापूर्वी उतरवून ठेवता येतो. ज्या कुटुंबास वर्षातून एकदा-दोनदाच घाट उतरावयाचा आहे, त्याने वेगळे यंत्र घेऊच नये. नकाशा आधी उतरवावा, मोटारीत मोबाईल भारित करण्याची सोय करावी, म्हणजे पुरे. जो जीप किंवा टेम्पो चालवितो, ज्यास रात्री-अपरात्री रोगी न्यावे लागतात, त्याने स्वतंत्र यंत्राचा विचार अवश्य करावा. मध्येच फोन आला म्हणून ते वाट दाखविण्याचे थांबत नाही.

दुसरी कसोटी, नकाशा किती ताजा आहे. दुकानदारास पणजीचा नकाशा उघडावयास सांगावे. मांडवीवरील अटल सेतू २०१९ मध्ये खुला झाला. मोपाचा विमानतळ २०२३ च्या आरंभी वाहतुकीस लागला. ही दोन्ही त्यात नसतील, तर ते यंत्र जुन्या जगात वावरत आहे असे समजावे. पुढे नकाशा नवा करून घेण्यास दरवर्षी पैसे पडतात की ते किंमतीतच धरले आहेत, हेही विचारून घ्यावे.

तिसरी कसोटी नावांची. आपण साखळी म्हणतो, रोमन पाटीवर 'सांकेलिम' असते. आपली डिचोली तेथे 'बिचोलिम' होते. उच्चाराप्रमाणे अक्षरे घातली तर काही यंत्रांस गावच सापडत नाही. दुसरे गोव्यातील फोंडा. सिंधुदुर्गात फोंडाघाट आहे; नुसते फोंडा म्हटल्यास यंत्र कोणता धरील याचा नेम नाही. खानापूरही दोन: एक आपले, दुसरे सांगली जिल्ह्यातील. म्हणून नावापुढे जिल्हा पाहिल्याखेरीज निघू नये.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आतील मांडणी. 'कमी अंतराची वाट' आणि 'कमी वेळाची वाट' असे दोन पर्याय बहुतेक यंत्रांत असतात. घाटात कमी अंतराची वाट कधीही निवडू नये. 'कच्चे रस्ते टाळा' अशी सूचना देता येते. ती पावसाळ्यात अवश्य द्यावी. 'फेरीबोट टाळा' ही मात्र विचाराने द्यावी. दिवाडीसारख्या बेटास जावयाचे असेल आणि ही सूचना दिलेली असेल, तर यंत्र बिचारे करील काय?

बाकीच्या गोष्टी लहान, पण उपयोगी. पडदा पाच इंचांहून लहान नसावा आणि उन्हात वाचता यावा. आवाज कोणत्या भाषेत निघतो ते दुकानातच ऐकून पाहावे. काचेस चिकटविण्याची वाटी उष्णतेने सुटते. ती घट्ट आहे ना हे पाहावे, आणि यंत्र समोरील दृष्टी अडणार नाही असे खाली लावावे. नियमांत २०२० पासून वाट पाहण्यापुरता मोबाईल वापरण्यास मुभा आहे; तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणून गावाचे नाव गाडी उभी असतानाच घालावे. घाटात कडे व झाडी आभाळ झाकतात व ठिपका इकडेतिकडे सरकतो. एकाहून अधिक देशांच्या उपग्रहांचे संदेश घेणारे यंत्र अशा ठिकाणी अधिक भरवशाचे ठरते.

या साऱ्या कसोट्यांचे सार एकच आहे. यंत्राची परीक्षा आपल्या ओळखीच्या वाटेवर घ्यावी. अनोळखी मुलखात ते चुकले तरी आपणास कळत नाही. आपल्या गावच्या वाटेवर त्याची प्रत्येक चूक उघडी पडते. त्यास आपल्या वाडीचे नाव विचारावे, नेहमीच्या बाजाराची वाट विचारावी. तेथे जे खोटे बोलते, त्यास परमुलखात खरे मानू नये.

ऑगस्टमध्ये भावाच्या महिन्याच्या मिस्सेसाठी मावशीस पुन्हा दिवाडीला जावयाचे होते. या वेळी जीपमध्ये नवे यंत्र होते आणि कच्चे रस्ते टाळण्याची सूचना त्यास दिलेली होती. निघण्यापूर्वी मी मावशीस वाट विचारली. तिने बोटांवर गावे मोजली: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, डिचोली, नार्वे. यंत्राने काढलेली वाट तिच्याशी ताडून पाहिली, जुळली. जुन्या वळणाशी आलो, तेव्हा यंत्र 'सरळ' म्हणाले. रेंज गेली, तरी पडद्यावरील रस्ता धुक्यातून वळत पुढे चालला होता. चोर्ल्याच्या एका वळणावर मात्र त्याने आम्हांस क्षणभर दरीत दाखविले. मावशीने जपमाळ थांबवून पडद्याकडे पाहिले आणि कित्येक दिवसांनी ती हसली.

नार्व्यास आलो, तेव्हा फेरी धक्क्यास लागलेली होती. वेळ भरपूर होता. मावशी उतरून कठड्याशी उभी राहिली व समोरच्या बेटाकडे बोट करून आपले माहेरचे घर कोणते ते मला सांगू लागली. ते घर कोणत्याही नकाशात नाही. मी यंत्र बंद केले आणि ती सांगत होती तिकडे पाहू लागलो.