उभ्या गाडीचा पगार

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता आपण शहरातली मंडळी दोन-तीन कारणांनीच ओळखतो. पंचवटीला जायचे असते, वणीच्या देवीचा नवस फेडायचा असतो, नाही तर नाशिकच्या मावशीकडे बारसे असते. मोटारीत बसावे, शहापूरच्या आसपास वडा खावा, थळघाटात मुलांनी ‘ढग, ढग’ म्हणून ओरडावे आणि पुढे चाललेल्या मालमोटारीला आपण नावे ठेवावीत, असा शिरस्ता. ‘हा बाबा बाजूला का होत नाही?’ यापलीकडे त्या मालमोटारीत बसलेल्या माणसाची आपण चौकशी केल्याचे मला तरी आठवत नाही.

यंदा श्रावणात ती चौकशी करण्याचा योग आला. नात्यातल्या एका व्यापाऱ्याचा माल भिवंडीहून धुळ्याला जायचा होता आणि मालाबरोबर घरचा कोणी तरी माणूस हवा होता. मी निवृत्त, रिकामा. ड्रायव्हरशेजारची जागा माझ्या वाट्याला आली.

भिवंडी एकेकाळी मागांच्या खडखडाटासाठी प्रसिद्ध. माग अजून आहेत. पण आता गावाभोवती मैलोगणती गोदामे पसरली आहेत. मुंबईत येणारा आणि मुंबईतून जाणारा निम्माअधिक संसार इथे एक रात्र मुक्काम करतो की काय, असे वाटावे. मला सकाळी ८ ला बोलावले होते. गोदामाच्या फाटकाबाहेर मालमोटारींची रांग होती आणि आमचा नंबर अकरावा होता. माल भरून निघायला दुपारचे ४ वाजले. मी कुरकुरलो, तसा ड्रायव्हर हसून म्हणाला, “काका, तुमचे आठच तास गेले. मी काल रातच्याला लागलोय रांगेत.”

हा गृहस्थ बीड जिल्ह्यातला, पस्तिशीचा, अंगाने सडपातळ. आईबाप दरसाल ऊस तोडायला जात. याने कोयता धरायचा नाही असे ठरवले आणि क्लीनर म्हणून एका उस्तादाच्या हाताखाली लागला. तीन वर्षे टायर बदलले, काचा पुसल्या, उस्तादाचे कपडे धुतले. रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्तादाने स्टिअरिंग हाती दिले, ती याची शाळा. आता त्याच्या स्वतःच्या गाडीवर क्लीनर नाही. मालकाला परवडत नाही. टायर तोच ठोकून बघतो, ताडपत्री तोच बांधतो आणि झोप आली तर स्वतःशीच बोलतो.

पडघा मागे पडले. जवळच आमणे येथून समृद्धी महामार्गाला वाट फुटते. ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा तुकडा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. आमची गाडी मात्र जुन्याच वाटेने चालली होती. मी विचारले, “बारा वर्षांत मालक किती झाले?”

तो स्टिअरिंगवरच बोटे मोजू लागला. “नऊ. धाव्वा बघतोय.”

मी एकाच कचेरीत ३४ वर्षे काढलेला माणूस. आमच्याकडे नऊ नोकऱ्या सोडणाऱ्याला कोणी मुलगी देताना दहा वेळा विचार करील. मी तसे म्हटलेही. त्यावर तो म्हणाला, “काका, आम्ही नोकरी सोडत न्हाई. गाडी सोडतो.”

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता, हे कसारा येईपर्यंत ध्यानात आले. त्याने आपला हिशेब मला समजावून दिला आणि कचेरीतल्या सवयीने मी तो वहीत मांडला. पगार महिना १८,००० रुपये. शिवाय गाडी चालेल त्या दिवसाचा भत्ता ३०० रुपये. महिनाभर चाक फिरले तर ९,००० रुपये भत्ता. म्हणजे बोली २७,००० ची. पण गेल्या महिन्यात गाडी ११ दिवस उभी होती. कुठे माल भरायला नंबर नाही, कुठे उतरवायला हमाल नाहीत, कुठे परतीचा माल मिळेना. त्या ११ दिवसांचे ३,३०० गेले आणि उभ्या दिवशी पोट काही उभे राहत नाही, तेव्हा जेवण पदरचे. वर दोन पोती भिजली त्याची कपात. ‘पगार किती?’ या आपल्या आवडत्या प्रश्नाला त्याच्या धंद्यात फारसा अर्थच नाही.

“म्हणून पगार इचारायचा न्हाई,” तो म्हणाला. “तीन गोष्टी इचारायच्या. गाडी महिन्यात किती दिवस उभी राहती? उभ्या दिवसाचं काय देणार? आन् हिशेब कधी करणार?”

घाट लागला. खाली दरीत धुके, वर पावसाची झिमझिम. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत होती आणि मागून एक मोटार कर्कश भोंगा वाजवीत होती. बाजूला होणे म्हणजे वीस-बावीस टन ओझे चढावर कडेच्या ओल्या मातीत घालणे, हे त्या जागेवर बसल्यावाचून कळत नाही. माझा गडी शांत होता. बोलणे तेवढे त्याने थांबवले.

घोटीच्या पुढे ढाब्यावर जेवलो. बाजेवर आडवा होता होता त्याने सांगितले की मागच्या रात्री तो तीन तास झोपला होता. १९६१ साली आपल्या संसदेने मोटार कामगारांसाठी कायदा केला आणि दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तो कायदा त्याला ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी रांगेत उभे राहणे हे काम की विश्रांती, हा वाद त्याने कोणाशी घालायचा? गोदामवाला त्याचा मालक नाही आणि मालक त्या फाटकाशी नाही.

आमची गाडी रात्री १० च्या सुमारास नाशिकच्या आडगाव नाक्यावर चहाला थांबली. तिथे एक मालमोटारींचे मालक भेटले. आपण कल्पितो तसा हा शेठ नव्हे. दोन गाड्यांचा धनी आणि पूर्वीचा ड्रायव्हर. ड्रायव्हरांचे नाव काढताच त्यांनी कपाळाला हात लावला. “आज ठेवला, उद्या गेला! पाचशे रुपये जास्त म्हटले की निघाला. एकाने तर गाडी पंपावर लावली, किल्ली पंपवाल्याकडे दिली आणि मला फोन केला, गाडी सोडली म्हणून.”

“आणि तुम्ही ड्रायव्हर होतात तेव्हा?” मी विचारले.

ते क्षणभर गप्प झाले, मग हसले. “मीही सोडायचो. सात-आठ गाड्या सोडल्या असतील. पण साहेब, माझंही ऐका. ट्रान्सपोर्टवाला भाडं देतो दोन महिन्यांनी. गाडीचा हप्ता पाच तारखेला जायलाच हवा. डिझेल रोख, टोल रोख. थांबवता येतं असं एकच देणं माझ्याकडे आहे.” ते कोणाचे, हे सांगायची गरज नव्हती.

गाडीत परत बसल्यावर माझ्या ड्रायव्हरने त्याला दुजोरा दिला. सगळेच मालक त्याचे थोडेबहुत पैसे मागे ठेवतात. त्याला ‘बाकी’ म्हणतात. गडी पळून जाऊ नये म्हणून ही दावणीची दोरी. याउलट काही ठिकाणी उचल देऊन बांधतात. ऊसतोडीला मुकादम जशी देतो, तशीच. “बापाला उचलीनं बांधलं, मला बाकीनं,” एवढेच तो म्हणाला आणि गिअर टाकला. सध्याच्या मालकाकडे त्याचे १४,००० अडकले होते. लेकीची शाळेची फी त्यातूनच द्यायची होती.

पिंपळगावच्या अंगाला कांद्याच्या गाड्या रस्त्याला मिळू लागल्या. रात्रीच्या हवेत कांद्याचा उग्र वास भरला होता. मी म्हटले, “तुम्ही सगळे मिळून का मागत नाही? जानेवारी २०२४ मध्ये तुम्ही गाड्या थांबवल्यात, तर पंपांवर केवढ्या रांगा लागल्या होत्या!”

“ती धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षं कैद, त्या कायद्याची गोष्ट. कायदा सगळ्यांला एक होता. पगार कुठं एक हाय? माझा मालक येगळा, त्याचा येगळा. ढाब्यावर भेटलो तेवढीच आमची सभा.”

मला आमच्या कचेरीची युनियन आठवली. महागाई भत्त्यासाठी आम्ही काळ्या फिती लावत असू, फाटकावर घोषणा देत असू आणि संध्याकाळी आपापल्या घरी जात असू. या माणसाच्या हाती फीत नाही, फाटक नाही. गाडीची किल्ली तेवढी आहे. ती परत देणे, हाच त्याचा अर्ज, हाच त्याचा संप. आपण त्याला चंचल म्हणतो. पण नऊ वेळा त्याने तीच मागणी केली आणि नऊ वेळा ती नव्या दारात जाऊन केली.

चांदवडला झुंजूमुंजू झाले. रेणुकामातेच्या डोंगराकडे पाहून त्याने हात जोडले. राहुडचा घाट उतरलो, मालेगाव ओलांडले आणि सकाळी धुळ्याला पोहोचलो. नात्यातल्या गृहस्थांच्या गिऱ्हाइकाचे गोदाम बंद! पोळ्याचा दिवस, हमाल दुसऱ्या दिवशी येणार. म्हणजे पुन्हा एक उभा दिवस. या वेळी उभी राहिलेली गाडी आमच्याच मालाने अडवली होती, तेव्हा मी नातेवाइकांना फोन करून त्या दिवसाचे ३०० रुपये त्याला द्यायला लावले. त्यांनी दिले, पण ‘असं कोणी देत नाही हं,’ हेही ऐकवले.

त्या रिकाम्या दुपारी त्याने दहाव्या मालकाला फोन लावला. इंदूर-दिल्ली वाट, नवी गाडी, थंड हवेची केबिन. २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांना ती सक्तीचीच झाली आहे. पगार २०,०००, भत्ता तोच. मी मनात बेरीज केली: २,००० ची वाढ, पण सात दिवस जास्त उभे राहिले की २,१०० गेले. त्यानेही तीच केली असावी, कारण केबिनची चौकशी न करता त्याने आपले तीन प्रश्न विचारले. पलीकडून उत्तरे आली: चार-पाच दिवस उभी राहते, उभ्या दिवसाचा अर्धा भत्ता, हिशेब खेप संपली की.

“लिहून देताल का?” याने विचारले. पलीकडचा मोठ्याने हसला.

फोन ठेवून तो म्हणाला, “लिहून न्हाई देणार. पर तोंडानं तरी म्हणला. नऊ जणांत एकानंही तेवढं म्हणलं नव्हतं.”

दसऱ्यानंतर त्याचा फोन आला. जुनी गाडी सोडली होती. १४,००० पैकी १०,००० हाती पडले. उरलेले ४,००० “किल्लीसंगं ठेवून आलो” म्हणाला. लेकीची फी भरली. नव्या गाडीची पहिली खेप दिवाळीच्या मालाची आहे, तेव्हा लक्ष्मीपूजनाला तो बीडला असेल की ग्वाल्हेरजवळच्या एखाद्या गोदामाच्या रांगेत, हे त्याला सांगता येईना. अर्ध्या भत्त्याचे खरे-खोटे पहिल्या हिशेबाला कळेल. मी त्याला म्हटले, काही झाले तरी कळवा. तो म्हणाला, “कळवतो काका. उभा असलो की फोन करतो, तेवढाच येळ जातो.”