टाळांचा जोड

बिलोलीहून मांजरेच्या अंगाला आमच्या शेतात एक आखाडा आहे. आमच्या भागात रानातल्या घराला आखाडा म्हणतात. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर माळवद, पुढे गोठा, अंगणात ज्वारीचं पेव. आता माळवद मधोमध खचलं आहे आणि आत बाभळी उगवल्या आहेत.

हा आखाडा पणजोबांनी बांधला. १९४८ साली रझाकारांच्या भयानं घरातली बायकापोरं इथं येऊन राहिली होती, असं आजी सांगायची. रात्री दिवा लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. तरी हरिपाठ एक दिवसही चुकला नाही. टाळ बाजूला ठेवून सगळे ओठांतल्या ओठांत म्हणायचे. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. ती बातमी रानात पोचली, त्या संध्याकाळी पणजोबांनी पुन्हा टाळ हातात घेतले.

त्यांची माळ आणि वारी आजोबांनी पुढं चालवली. आजोबा गेले आणि वडील व चुलते वेगळे झाले. बैल, भांडी, कडबा, सगळ्याचे दोन वाटे पडले. शेवटी टाळांचा जोड राहिला. रागाच्या भरात कुणीतरी दोरी कापली. एक टाळ आमच्याकडे आला, एक चुलत्यांकडे गेला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

आखाडा मात्र सामाईक राहिला. माळवदावर दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकावी लागते. ती दुसऱ्यानं टाकावी, अशी दोन्ही घरं वाट पाहत बसली. पाऊस कुणासाठी थांबला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मोजणीसाठी तिथं गेलो. भिंत पडली होती, पण देवळी शाबूत होती. दिव्याची काजळी अजून तिच्यात होती. तिथं उभा असताना तुकोबाराय आठवले. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांनी देहूत विठ्ठल आणला. पुढं ते देऊळ मोडकळीला आलं, तेव्हा तुकोबारायांनी स्वतः राबून ते नीट केलं. घरच्या सावकारीच्या खतांचे मात्र त्यांनी दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला. वाडवडिलांचं काय सांभाळायचं आणि काय सोडायचं, हे त्यांना कळलं होतं. आम्ही नेमकं उलटं केलं. सातबाऱ्यावर आमची सगळ्यांची नावं आहेत, पण आजोबांची वारी वाटणीत कुणी मागितलीच नाही.

परत येताना मोजणीचे कागद पिशवीतच ठेवले आणि घरातला टाळ घेऊन चुलतभावाकडे गेलो. अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. दादा म्हणाला, "मोजणीचं काय झालं?" मी काही न बोलता टाळ बाजेवर ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेला दुसरा टाळ घेऊन आला. दोन्हींवर हिरवा गंज चढला होता. वहिनींनी चिंच भिजत घातली. दोघांनी बसून टाळ घासले आणि नवी दोरी ओवली.

आखाड्याचं अजून काही ठरलं नाही. माळवद पुन्हा घालायचं म्हणजे खर्च मोठा आहे. यंदा कार्तिकीला मात्र आम्ही दोघं पंढरीला जाणार आहोत. टाळ कुणी धरायचे, एवढाच वाद उरला आहे.

रामकृष्ण हरी.