वुडवर्डवरची लाल जीटीओ

ऑगस्टमधला डेट्रॉईटचा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू म्हणजे जुन्या मसल कार्सची जत्राच! तिथे दादाचा जीव जडला एका लालभडक, १९६८च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओवर. साठवलेले सगळे डॉलर्स ओतायला पठ्ठ्या तयार. शेजारच्या गाडीवाल्या आजोबांनी मात्र काचेतून डॅशबोर्डवरची पट्टी दाखवली. त्या वर्षीच्या जीटीओचा नंबर २४२ने सुरू होतो, हिचा २३७! म्हणजे जन्माने साधी लमान्स, बॅज मागाहून चिकटवलेले. (१९६४-६५ला जीटीओ हे लमान्सचंच पॅकेज होतं, त्यामुळे नंबरवरून फरक कळतच नाही. तिथे पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून फॅक्टरीच्या बिलाची प्रत मागवायची.) मालकाला विचारलं, तर 'ट्रिब्यूट आहे' म्हणे. मग किंमत अस्सलची का, बॉस? दादा आपला अजून बॉनेटखाली डोकं घालून उभा.